झाकण काढल्याने गेमिंग पीसी थंड राहतो का?

नाशिकच्या थंडीचं कौतुक सगळ्यांना, पण एप्रिलमध्ये पारा ४० अंशांकडे सरकला की गेमिंग पीसीवर घरोघरी एकच उपाय चालतो: कॅबिनेटचं झाकण काढा, समोर टेबलफॅन लावा. सिडकोतल्या माझ्या भाच्यानेही हेच केलं. प्रोसेसरचं (पीसीच्या मुख्य चिपचं) तापमान ८५ अंश बघून पोरगा हबकला होता.

आधी आकड्याचं. गेम चालू असताना ८५ म्हणजे प्रोसेसर जळायला आला, हे खरं नाही. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. तिथे पोचल्यावर चिप स्वतःच वेग कमी करते. जळत नाही, गेम अडखळतो.

आता झाकण. ते काढल्यावर आकडा बराच उतरला, तर कॅबिनेट गुदमरतंय एवढंच कळतं. ही चाचणी झाली, उपाय नव्हे. पुढून आत, मागून बाहेर हा हवेचा ओघ उघड्या कॅबिनेटमध्ये विस्कटतो, शिवाय धूळ बसते ती वेगळीच. भाच्याच्या तयार पीसीला समोर नुसती बंद काच, पुढे पंखा एकही नाही! दिसायला झकास. शेवटी जाळीचं कॅबिनेट आणलं, पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसवले (एक आधी उलटा लावला होता, असो) आणि ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. आकडा सत्तरीत आला.

मात्र पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. दुपारी खोली १० अंशांनी तापली, तर चिपही साधारण तेवढीच चढणार.