अँप मॉडेलर: स्पीकरच्या बाजूने बघितलेली गोष्ट

अँप मॉडेलर म्हणजे खऱ्या गिटार अँपच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र. त्यातला क्वाड कॉर्टेक्स घेऊ की हेलिक्स, केम्पर आता जुना झाला का, टोनएक्सच्या छोट्या पेडलवर भागेल का, हे प्रश्न गिटारवाल्यांच्या गप्पांत रोज निघतात आणि रोज फिरून तिथेच येतात, की "खऱ्या ट्यूब (म्हणजे व्हॉल्व्हवाल्या) अँपसारखं वाटतं का रे?" माझं मत विचाराल तर या भांडणात अँप बिचारा उगाच बदनाम होतो. गेल्या चाळीसेक वर्षांत ही डबडी कशी बदलत गेली ते बघितलं तर घोडं प्रत्येक वेळी एकाच जागी पेंड खातं, स्पीकर आणि त्याच्या तोंडाशी लावलेला माइक.

हे कळायला जरा मागे जावं लागतं. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलच्या दुकानात पहिला मार्शल अँप बनला, तो जवळपास फेंडर कंपनीच्या बासमन अँपचं सर्किट उचलूनच. पण बासमनमध्ये मागून उघड्या पेटीत जेन्सनचे चार दहा इंची स्पीकर असायचे, आणि मार्शलवाल्यांनी सेलेस्टियनचे बारा इंची चार स्पीकर मागून बंद पेटीत बसवले. पहिली व्हॉल्व्हपण जास्त गेनवाली, म्हणजे सिग्नल जास्त फुगवणारी टाकली, ते आहेच, पण एकाच खानदानातले दोन अँप इतके वेगळे वाजायला लागले त्यात त्या पेटीचा वाटा फार मोठा आहे. आज मॉडेलरच्या मेन्यूत ही दोन्ही नावं वरखाली दिसतात आणि आपण फक्त अँप बदलतो, कॅब, म्हणजे स्पीकरची पेटी, तीच ठेवतो, आणि मग म्हणतो की सगळे सारखेच वाजतात.

दुसरं म्हणजे गिटारचा बारा इंची स्पीकर हा म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरसारखा प्रामाणिक नसतोच, साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर तो हात टेकतो. आणि तेच बरं असतं, कारण डिस्टॉर्शनमधून, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजातून निघणारी वरची सगळी किरकिर तो गिळून टाकतो. हा गाळणारा स्पीकर काढून टाका आणि डिस्टॉर्शन पेडल थेट मिक्सरला जोडा, डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज येतो, ज्याने कधी केलंय त्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून बघा, अँपची जागा घेऊ पाहणारी पहिली गाजलेली डबी, १९८२ ची रॉकमन, तिच्यात डिजिटल मॉडेलिंगचा पत्ताच नव्हता. बॉस्टन बँडचा टॉम शोल्झ हा एमआयटीतून शिकलेला इंजिनियर, पोलरॉइडमध्ये नोकरी केलेला माणूस, त्याने कमरेला लावायचा हेडफोन अँप बनवला आणि आत फिल्टर असे लावले की माइक लावलेल्या कॅबसारखं ऐकू यावं. १९८९ मध्ये अँड्र्यू बार्टाने टेक २१ मधून सॅन्सअँप आणलं, तेही पूर्ण अॅनालॉग, पण पेडल थेट मिक्सरमध्ये लावा आणि वाजवा हा धंदा तिथून रुळला. म्हणजे कॉम्प्युटर यायच्या आधीच लोकांना कळलेलं की अर्धी लढाई त्या वरच्या फ्रिक्वेन्सी कापण्यात आहे.

डिजिटलची खरी सुरुवात १९९५ च्या रोलंड व्हीजी-८ ने झाली असं मी धरतो. त्याला सहा तारांचा सिग्नल वेगवेगळा उचलणारा खास पिकअप लागायचा, आणि आत गिटार, अँप, स्पीकर, माइक सगळ्याचं गणित मांडलेलं, रोलंडने त्या तंत्राला कोझम नाव दिलं. डोकं अफाट पण सामान्य माणसाच्या खिशाबाहेरचं प्रकरण.

मग लाइन ६. मार्कस राइल आणि मिशेल दुआदिक हे दोघं आधी ओबरहाइमच्या सिंथेसायझरवर काम केलेले, नंतर दुसऱ्या कंपन्यांसाठी यंत्रं डिझाइन करायचे. नावाची गोष्ट मजेशीर आहे, ऑफिसात बाहेरचं कोणी आलं की रिसेप्शनवरून "लाइन ६" असा पुकारा व्हायचा, म्हणजे आत गिटार बंद करा, गुपित फुटेल. १९९६ ला त्यांनी अॅक्ससिस २१२ नावाचा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) काढला, डिजिटल मॉडेलिंगवाला, दोन बारा इंची स्पीकरसकट. इथे लगेच अडचण दिसते ना, आत व्हॉक्स निवडा नाहीतर मार्शल निवडा, बाहेर येणार त्याच दोन स्पीकरमधून. १९९८ ला आलेल्या लाल, काजूच्या आकाराच्या पॉडने तो प्रश्नच बाजूला सारला, स्पीकरच नाही, टेबलावर ठेवा आणि थेट रेकॉर्ड करा, कॅबची नक्कलपण आतच. घरी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू होण्याचा तोच काळ, त्यामुळे पॉड तुफान चालला. माझ्या आसपासच्या कॉलेजातल्या पोरांकडे मात्र पॉड कमी आणि झूमचे प्लॅस्टिकचे प्रोसेसर जास्त, ते डायरेक्ट लावले की परत गांधीलमाशी, पण तेव्हा आम्हाला तोच मेटल टोन वाटायचा.

पुढची मोठी उडी २००६ ची, फ्रॅक्टल ऑडिओचा अॅक्स-एफएक्स, क्लिफ चेसचं काम. त्यात ताकद भरपूर होतीच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते आयआर, इम्पल्स रिस्पॉन्स. रिकाम्या देवळाच्या गाभाऱ्यात एक टाळी वाजवली की जो घुमारा येतो त्यात त्या गाभाऱ्याचा सगळा स्वभाव असतो, तसंच खऱ्या कॅबमधून एक चाचणीचा सिग्नल सोडायचा, समोरच्या माइकने पकडायचा, आणि तो ठसा कुठल्याही आवाजावर मारायचा. आधीच्या डब्यांमध्ये कॅब म्हणजे दोन-चार फिल्टरची जोडणी होती, आयआरने प्रत्यक्ष त्या पेटीचा, त्या माइकचा, त्या जागेचा ठसा दिला. स्पीकरला जोरात वाजवल्यावर तो स्वतः जे वाकडं वागतो ते आयआरमध्ये येत नाही हे खरं, तरी फरक जमीन-अस्मानाचा होता. डिसेंबर २०१३ मध्ये मेटालिका अंटार्क्टिकात अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर वाजवून आली तेव्हा स्टेजवर वाजणारे स्पीकरच नव्हते, पब्लिकच्या कानाला हेडफोन, आणि गिटार अॅक्स-एफएक्समधून. त्यानंतर "मॉडेलर म्हणजे बेडरूमची खेळणी" म्हणणाऱ्यांचा आवाज जरा खाली आला.

दरम्यान २०११ मध्ये क्रिस्टोफ केम्पर, व्हायरस सिंथेसायझरवाला जर्मन माणूस, त्याने उलटंच केलं. सर्किटचं गणित मांडत बसायचंच नाही. तुमचा अँप, तुमची कॅब, तुमचा माइक जसा लावलाय तसा राहू दे, यंत्र त्यातून चित्रविचित्र किंचाळ्या आणि खरखर सोडतं, परत आलेला आवाज ऐकतं, आणि मिनिटभरात प्रोफाइल तयार. पण हा फोटो आहे, अँप नाही, त्या क्षणी नॉब जिथे होते तिथलाच. गेन खूप फिरवला की खऱ्या अँपपासून लांब जायला लागतो.

२०१५ चा हेलिक्स (तोवर लाइन ६ यामाहाने घेतली होती) वापरायला सोपा म्हणून गाजला, त्यावर मी जास्त लिहीत नाही. केम्परच्या फोटोची कल्पना पुढे नेली ती न्यूरल नेटवर्कवाल्यांनी. फिनलंडमध्ये आल्टो विद्यापीठात यावर संशोधन चाललेलंच होतं, आणि हेलसिंकीच्याच न्यूरल डीएसपीने जानेवारी २०२० मध्ये क्वाड कॉर्टेक्स दाखवला. २०२२ ला इटलीच्या आयके मल्टिमीडियाचा टोनएक्स आला. आणि स्टीव्हन अॅटकिन्सनचं न्यूरल अँप मॉडेलर, म्हणजे नॅम, हे तर चक्क फुकट, ओपन सोर्स, लोक आपापल्या अँपचे कॅप्चर, म्हणजे असेच आवाजाचे फोटो, करून वाटतायत. आज फुकटातलं नॅम आणि लाखाच्या वरचं यंत्र डोळे मिटून ओळखून दाखवा म्हटलं तर माझी पंचाईत होईल, बहुतेकांची होईल. महागड्या यंत्रात पैसे जातात ते फूटस्विच, स्क्रीन, जॅक आणि गिगमध्ये बंद न पडण्याचे.

पण कॅप्चरच्या जमान्यात स्पीकर पुन्हा आडवा येतो. काही कॅप्चर फक्त अँपचे असतात, त्यांना आयआर लावावाच लागतो, काही पूर्ण रिगचे, ज्यात कॅब आणि माइक आधीच आहे. पूर्ण रिगवर आणखी एक आयआर लावला की अँपवर गोधडी टाकल्यासारखा आवाज येतो, आणि अँपवाल्यावर आयआर लावायला विसरलात तर पुन्हा ती माशी. "नॅम बकवास आहे" म्हणून वैतागलेल्या दोन मित्रांच्या सेटिंगमध्ये मला हेच सापडलंय.

"फील येत नाही" ही तक्रारही बऱ्याचदा इथलीच. खोलीत अँपजवळ उभे असता तेव्हा स्पीकर तुमच्या गुडघ्याशी असतो, आवाज भिंतीवरून फिरून कानात येतो, आणि पँट हलते. मॉडेलर मात्र तुम्हाला स्पीकरला चिकटलेल्या माइकने जे ऐकलं ते देतो. रेकॉर्डवर ऐकलेला प्रत्येक गिटार तसाच माइकमधून आलेला आहे, फक्त आपल्याला तो हेडफोनवर स्वतः वाजवायची सवय नाही. ती मजाच हवी असेल तर मॉडेलरची कॅब बंद करून पॉवर अँप आणि खरी गिटार कॅब जोडा, पण मग वरच्या मजल्यावरच्या काकूंशी तुमचं तुम्ही बघा.

टोन लावताना म्हणूनच मी आधी अँप बदलत नाही, आयआर बदलतो. माइक स्पीकरच्या कोनच्या (कागदी पडद्याच्या) मध्यावर असलेला आयआर टोकदार, कडेला सरकलेला काळपट, नुसत्या त्या दोन इंचांत जे बदलतं ते ट्रेबलच्या नॉबने होत नाही. मग खालून ८० ते १०० हर्ट्झ आणि वरून ६ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास काप द्या, आणि गेन वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा. दोन टोनची तुलना करताना व्हॉल्यूम सारखा करा, जो जरा मोठा असतो तोच कानाला भारी वाटतो आणि आपण फसतो.

आवाज लहान असताना कानाला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात हे फ्लेचर आणि मन्सनने बेल लॅबमध्ये १९३३ लाच मोजून ठेवलंय. मी ते वाचलं नव्हतं. रात्री हेडफोनवर हळू आवाजात लावलेला, बास-ट्रेबल चढवलेला प्रीसेट (जतन केलेली सेटिंग) घेऊन एका कॉलेजच्या फेस्टला गेलो आणि मोठ्या पीएवर, म्हणजे पब्लिकसाठीच्या स्पीकरवर, खाली नुसता गडगडाट, वर कानात सुया, मधला गिटार गायब. तेव्हापासून प्रीसेट मोठ्या आवाजातच पक्का करतो, दुपारी, शेजारचे कामावर गेले की.

२०१९ मध्ये फेंडरने टोन मास्टर नावाने आपले जुने डिलक्स रिव्हर्ब आणि ट्विन रिव्हर्ब डिजिटल करून आणले. व्हॉल्व्ह गेल्या, ट्रान्सफॉर्मर गेले, ट्विनचं वजन जवळपास निम्म्यावर आलं, आत प्रोसेसर बसला. लाकडी पेटी आणि आतले जेन्सनचे बारा इंची स्पीकर मात्र त्यांनी खरेच ठेवले.