हॅन्सची चाळीस वर्षं आणि ड्रॅग रेसरची मान

हॅन्स, म्हणजे अपघातात डोकं आणि मान सांभाळणारं खांद्यावरचं उपकरण, घ्यायचं की त्याच कामाचं हायब्रिड, वीस अंशांचं की तीस, जुना फोमचा गळपट्टा चालून जाईल का? ड्रॅग रेसिंगमध्ये नवा आलेला माणूस हे प्रश्न विचारतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा किंमत आणि नियम सांगितले जातात. ही उपकरणं मुळात ड्रॅग रेसिंगसाठी जन्मलीच नव्हती, ही गोष्ट मात्र राहून जाते. वळणावळणाच्या रोड-रेसिंग ट्रॅकवरच्या एका मृत्यूमुळे त्यांची कल्पना सुचली, ओव्हल म्हणजे लंबगोल ट्रॅकवरच्या मृत्यूंमुळे ती सक्तीची झाली आणि ड्रॅग रेसिंगच्या पाव मैलाच्या सरळ पट्टीवर ती उसनी आली. उसनी वस्तू आपल्या मापाला कुठे बसते आणि कुठे बसत नाही, हे कळायचं तर थोडं मागे जावं लागतं.

१९८१ साली अमेरिकेतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर चाचणीच्या वेळी फ्रेंच चालक पात्रिक जाकमार याची रेनो ५ टर्बो बांधावर आदळली आणि तो गेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग हा अटलांटाचा, स्वतः स्पोर्ट्स कार चालवणारा. डाउनिंगचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक होते. त्याआधी जनरल मोटर्समध्ये असताना त्यांनी अपघात-चाचणीच्या पुतळ्यांच्या डोक्याच्या रचनेवर काम केलं होतं. आदळताना डोक्याचं काय होतं हे ज्यांना नीट ठाऊक होतं अशा मोजक्या लोकांपैकी ते एक, आणि योगायोगाने ते घरातलेच निघाले.

जाकमार कवटीच्या तळाचं हाड मोडून गेला होता. हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. गाडी भिंतीवर आदळते, हार्नेस, म्हणजे शर्यतीच्या गाडीतले जाड पट्टे, छातीला आणि खांद्यांना धरून ठेवतो. डोक्याला कुणीच धरलेलं नसतं. डोकं साडेचार-पाच किलोचं, वर हेल्मेट दीडेक किलोचं. साठ जीच्या, म्हणजे गुरुत्वाच्या साठपट, धक्क्यात हे सहा किलो साडेतीनशे किलोंच्या वर जाऊन पुढे ओढू लागतात, आणि हा सगळा ताण मानेतून कवटीच्या तळाशी येतो. डोकं कशावरही आपटलं नाही तरी हाड मोडतं. हेल्मेट कितीही भारी घ्या, इथे त्याचा उपयोग नाही, उलट त्याचं वजन ओढीत भर घालतं. विचित्र वाटेल, पण हार्नेस जितके चांगले होत गेले तितका हा धोका ठळक झाला. पूर्वी चालक स्टिअरिंगवर आपटून मरायचे. धड जागेवर राहू लागलं तेव्हा मान हा कच्चा दुवा म्हणून उघडा पडला.

हबर्ड यांचा उपाय, म्हणजेच हॅन्स, कल्पनेने साधा होता. खांद्यांवर एक कडक जू ठेवायचं, हार्नेसचे पट्टे त्याच्यावरून घ्यायचे आणि जुवाच्या मागच्या उभ्या कॉलरपासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना छोटे पट्टे बांधायचे. आता डोकं पुढे जायला लागलं की ओढ मानेवर न येता जुवावर येते, आणि तिथून छातीवर व हार्नेसवर. हे जू सीटला किंवा गाडीला कुठेही जोडलेलं नसतं. हार्नेसच्या दाबानेच ते जागेवर राहतं, आणि बकल सोडलं की चालक ते अंगावर घेऊनच बाहेर पडतो. पुष्कळ जुन्या चालकांना याची भीती वाटायची ती उगाच: यात आणखी काही सोडवत बसावं लागत नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत नमुने तयार झाले, पेटंट झालं, आणि दशकाच्या अखेरीस वेन स्टेट विद्यापीठात स्लेड-चाचण्या (पुतळा घसरगाडीवर बसवून धक्का देण्याच्या) झाल्या. मानेवरचा ताण किती कमी होतो हे आकड्यांतच दिसलं. डाउनिंग स्वतः ते घालून शर्यतीत उतरत होता.

आणि विकत कुणी घेईना. मोठ्या हेल्मेट कंपन्यांना त्यात रस नव्हता, म्हणून मेहुण्या-मेहुण्यांनी स्वतःच कंपनी काढली. सुरुवातीचं जू बोजड होतं, फॉर्म्युला गाडीच्या अरुंद कॉकपिटमध्ये मावायचं नाही. चालकांचं म्हणणं एकच, अवघडल्यासारखं होतं. दहा वर्षं जवळजवळ अशीच गेली.

बदल युरोपातून आला. १९९४ला इटलीतल्या इमोलाला फॉर्म्युला वनचे चालक रोलांड रात्सेनबर्गर आणि आयर्टन सेना एकाच शनिवार-रविवारी गेले. रात्सेनबर्गरला हीच इजा झाली होती. मग मोटार-शर्यतींची जागतिक संघटना एफआयए आणि मर्सिडीजने डोकं वाचवायचे मार्ग तपासायला घेतले. आधी एअरबॅगचा विचार झाला, पण अखेर हबर्ड यांचं जूच सरस ठरलं. ह्यूबर्ट ग्रामलिंग यांच्याबरोबर ते आकाराने लहान करण्यात आलं. आज बाजारात दिसतं ते याच कामाचं फळ आहे. १९९९ला लगुना सेकाला गोन्सालो रॉड्रिगेझ गेल्यावर अमेरिकेतल्या कार्ट या शर्यत-मालिकेने २००१पासून ओव्हलवर हॅन्स सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनने २००३ला.

अमेरिकेत सामान्य माणसापर्यंत हा विषय पोहोचला तो नॅसकार या बहुतेक ओव्हलवर धावणाऱ्या शर्यत-मालिकेमुळे. २००० सालात ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर असे तिघं काही महिन्यांत गेले. १८ फेब्रुवारी २००१ला डेटोना ५००च्या शेवटच्या फेरीत नामवंत चालक डेल अर्नहार्टची गाडी भिंतीला लागली. टीव्हीवर बघताना ती धडक फार मोठी वाटली नव्हती. अर्नहार्ट हॅन्स वापरत नसे, आणि उघड्या तोंडाचं हेल्मेट घाली. त्या धडकेत कवटीच्या तळाचं हाड मोडून तो गेला. त्यानंतर हॅन्सच्या मागण्यांचा पूर आला. तरी नॅसकारने सक्ती केली ती ऑक्टोबरमध्ये, शार्लटला ब्लेझ अलेक्झांडर गेल्यावर. तोवर एवढे मृत्यू झाले होते, आणि उपाय पंधरा वर्षं कपाटात तयार पडून होता. याचा राग येणं साहजिक आहे.

याच प्रकरणात ड्रॅग रेसिंगचा एक जुना माणूस सापडला. बिल सिम्पसन. अठराव्या वर्षी ड्रॅग शर्यतीत गाडी न थांबल्यामुळे त्याचे हात मोडले होते, आणि त्यातून तो गाडी थांबवणाऱ्या पॅराशूटच्या धंद्यात आला. पुढे अग्निरोधक कपडे, हार्नेस, हेल्मेट. अर्नहार्टच्या गाडीतला तुटलेला पट्टा त्याच्या कंपनीचा होता. पट्टा चुकीच्या पद्धतीने बसवला होता, असं सिम्पसनचं म्हणणं शेवटपर्यंत राहिलं. त्या वादात त्याने स्वतः काढलेली कंपनी सोडली. पुढे त्याच नावाच्या कंपनीने हॅन्सची कंपनी विकत घेतली. आज हॅन्स आणि हायब्रिड दोन्हींवर सिम्पसनचंच नाव दिसतं, म्हणून एका ब्रँडची दोन मॉडेलं समजून कुणी त्यांची तुलना केली तर गल्लत होते. त्यांची घराणी वेगळी आहेत.

नॅसकारने २००१ला हॅन्सबरोबर हचन्स नावाचं उपकरणही चालवून घेतलं होतं. रिचर्ड चिल्ड्रेस संघाच्या बॉबी हचन्सने ते केलं होतं. त्यात जू नव्हतं, नुसते छातीभोवतीचे आणि हेल्मेटला जोडलेले पट्टे. स्वस्त, हलकं, अंगाला न खुपणारं. पण शर्यतीच्या सुरक्षा-साहित्याची मानकं ठरवणाऱ्या एसएफआय फाउंडेशनचं ३८.१ हे डोकं-मान उपकरणांचं मानक आल्यावर ते टिकलं नाही, आणि २००५पासून नॅसकारमध्ये हॅन्सच उरलं. हायब्रिड याच पट्टेवाल्या विचारातून निघालं, मात्र पाठीमागे कडक कार्बनचा पत्रा घेऊन. ते छातीला बांधलेलं असल्यामुळे खांद्यावरचे पट्टे थोडे सरकले तरी जागा सोडत नाही, आणि तिरक्या धक्क्यात त्याची बाजू मजबूत मानली जाते. आयझॅक नावाचं तिसरं एक उपकरण होतं, हेल्मेट आणि हार्नेसच्या पट्ट्यांमध्ये डॅम्पर (धक्का शोषणारे भाग) लावलेलं. त्याचे चाचणीतले आकडे चांगले होते, पण हार्नेस सोडण्यापलीकडे आणखी काही सोडवावं लागता कामा नये अशी ३८.१ची अट, आणि आयझॅकला हेल्मेटपासून वेगळं करावं लागे. त्यावरून वर्षानुवर्षं वाद झाले. माझं मत मानकाच्या बाजूने आहे. पेटलेल्या गाडीत एक झटका जास्त लागणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि नायट्रोमिथेन इंधनावरच्या ड्रॅग गाड्या पेटतात.

आता ड्रॅग रेसिंगकडे. इथे बरीच वर्षं गळ्याभोवतीचा फोमचा जाड पट्टा हाच मानेचा संरक्षक समजला जाई. त्यालाही एसएफआयचं ३.३ हे मानक आहे, त्यामुळे त्याच्यावरचं लेबल पाहून माणूस निर्धास्त होतो. पण तो पट्टा डोक्याला पुढे जाण्यापासून ओढून धरत नाही. तो हेल्मेटखाली टेकू देतो, इतकंच. अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना एनएचआरएने पुढे वेगवान वर्गांना ३८.१चं उपकरण बंधनकारक केलं. आपल्या वर्गाचा नियम दरवर्षीच्या नियमपुस्तकातच बघावा. पण नियम फोमवर भागवू देत असला म्हणून फोमवर भागवावं असं नाही.

३८.१च्या चाचणीत स्लेडवरचा पुतळा सत्तर जीच्या आसपासचा धक्का समोरून खातो, आणि एकदा तीस अंशांतून. हा ओव्हलच्या भिंतीचा धक्का आहे. ड्रॅगमध्ये भिंती आहेतच, गाडी लेन सोडून त्यांना लागतेही. पण ड्रॅगची स्वतःची दोन दुखणी आहेत आणि ती या चाचणीत नाहीत.

एक म्हणजे पॅराशूट. टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गाची गाडी ताशी सव्वापाचशे किलोमीटरच्या वर पोहोचते, आणि छत्र्या उघडल्या की चार-पाच जीचा उलटा झटका बसतो. हा अपघात नव्हे, प्रत्येक फेरीचा नेम आहे. डॉन गार्लिट्सने १९९२ला आणि पाच वेळचा विजेता जो अमाटोने २०००ला निवृत्ती घेतली ती डोळ्यांच्या पडद्याच्या त्रासामुळे, आणि तो त्रास या झटक्यांतून आलेला. हॅन्सने डोळ्यांचा प्रश्न सुटत नाही. पण दर फेरीच्या शेवटी पुढे लवणाऱ्या डोक्याला आधार मिळतो. ड्रॅगमध्ये हॅन्स आयुष्यात एकदा लागणारी वस्तू नसून रोज काम करणारी आहे, ती अशी.

दुसरं दुखणं जास्त वाईट. मार्च २००७मध्ये गेन्सव्हिलला चाचणीच्या वेळी जॉन फोर्सच्या संघातल्या एरिक मेडलेनच्या फनी कारला (वरून मोटारीसारखं कवच असलेल्या ड्रॅग गाडीला) भयानक टायर-शेक झाला. मागचे टायर पकड घेत-सोडत असताना अख्खी गाडी थडथडते. त्याचं डोकं चालकाभोवतीच्या पोलादी पिंजऱ्यात डावी-उजवीकडे आपटत राहिलं. चार दिवसांनी, तेहेतिसाव्या वर्षी, मेंदूच्या इजेने तो गेला. हेल्मेटला बांधलेले पट्टे पुढच्या ओढीसाठी असतात. बाजूच्या या थडथडीवर त्यांचा फारसा जोर चालत नाही. त्याचे वडील जॉन मेडलेन त्याचेच क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या तंत्रज्ञांचे प्रमुख, होते. त्यांनी फोर्डच्या अभियंत्यांबरोबर कामाला वाहून घेतलं, आणि त्यातून रुंद पिंजरे व डोक्याभोवती जाड, ऊर्जा शोषणारं पॅडिंग आलं. ड्रॅगच्या सुरक्षेत मला हेच काम सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते सर्किटवरून उसनं आलेलं नाही. मानेचं उपकरण निवडताना पिंजऱ्याचं पॅडिंग वेगळ्या खात्यात टाकणाऱ्यांनी मेडलेनची गोष्ट आठवावी.

एवढं माहीत असलं की निवडीचे प्रश्न आपोआप जागेवर येतात. अंशांचा आकडा सीटच्या झुकावाशी जुळतो. डोअर-कारमध्ये, म्हणजे दारं असलेल्या नेहमीच्या घाटाच्या गाडीत, माणूस उभट बसतो, तिथे वीस अंशांचं बहुतेकांना चालतं. लांब, अरुंद ड्रॅगस्टरमध्ये माणूस रेलून बसतो, तिथे तीस किंवा त्याहून जास्त. चुकीचा अंश घेतला तर कॉलर मागे पॅडिंगला टेकते आणि डोकं कायम पुढे ढकलतं, म्हणून गाडीत बसून, हेल्मेटसकट बघितल्याशिवाय घेऊ नये. हॅन्सच्या खांद्यावरचे पट्टे जुवावरून घसरले तर सगळा बेत फसतो. ते मागे किती अंतरावर आणि किती उंचीवर बांधले आहेत हे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे असावं लागतं. जुनी तीन इंची पट्ट्यांची बांधणी असेल तर खांद्यावर दोन इंच होणारे पट्टे मिळतात, ते बसवावेत. बाजूला वळून बघता येत नाही ही सर्किटवाल्यांची तक्रार ड्रॅगमध्ये गौण आहे. इथे बघायचं ते ख्रिसमस ट्री, म्हणजे सुरुवातीचा इशारा देणारा दिव्यांचा खांब, आणि पुढची लेन. उलट पिंजऱ्यातून, विशेषतः फनी कारच्या छपरातल्या दारातून बाहेर पडताना कॉलर अडकते का, ते डोळे बांधून करून बघण्यासारखं आहे. आणि ३८.१चं लेबल पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावं लागतं. सेकंडहँड हॅन्स स्वस्त मिळतं तेव्हा ती तारीख आणि हेल्मेटला जोडणारे पट्टे आधी पाहावेत.

आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन'च्या ड्रॅग शर्यती झाल्या, आणि तिथे रस्त्यावरच्या गाड्याही उतरल्या. अशा गाडीत कंपनीचा तीन बिंदूंचा सीटबेल्ट असतो. त्याच्यावर हॅन्स घालून उपयोग नाही: पट्टा एकाच खांद्यावरून जातो, जुवाला दाबून धरणारं काही उरत नाही. म्हणजे आधी रेसिंग सीट, मग हार्नेस. आणि रोल केज म्हणजे पोलादी पिंजऱ्याशिवाय नुसता हार्नेस लावणं वेगळ्या धोक्याचं, कारण गाडी उलटून छप्पर दबलं तर हार्नेस माणसाला ताठ धरून ठेवतो आणि त्याला बाजूला कलायला जागा उरत नाही. केज, सीट, हार्नेस, मग हॅन्स, या क्रमाने खर्च चढत जातो. हॅन्स पहिल्यांदा विकत घेणाऱ्याच्या हातात बऱ्याचदा फक्त शेवटची वस्तू असते.