अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागतेच

मुंबईत घर भाड्याने देता-घेताना वर्षानुवर्षे फिरणारा सल्ला असा: करार 11 महिन्यांचा ठेवा, नोटरी करा, नोंदणीची गरज नाही.

या समजाला आधार आहे. 1908 च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे. 11 महिन्यांची पद्धत त्यातूनच आली. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे. त्याचे कलम 55 सांगते की लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक काळ घर वापरायची परवानगी देणारा; 11 महिन्यांचे करार सहसा याच प्रकारचे) लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदतीची सूट तिथे नाही.

नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठी अडचण वादाच्या वेळी येते: अनामत किती, भाडे किती, यावर राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोडून काढण्याचा भार मालकावर पडतो. नोटरीचा शिक्का फक्त सही कोणी केली ते सांगतो.

खर्चाची भीतीही अनाठायी आहे. भाडे 30,000, अनामत 1 लाख, मुदत 11 महिने धरा. एकूण भाडे 3,30,000. परत मिळणाऱ्या अनामतीवर 10 टक्क्यांनी व्याज सुमारे 9,170. या बेरजेच्या 0.25 टक्के, म्हणजे साधारण 850 रुपये मुद्रांक शुल्क. मुंबईत नोंदणी फी 1,000. एजंटचे पैसे वेगळे, पण घरबसल्या ऑनलाइन नोंदणी करता येते.

आपला करार तपासायचा तर त्यावर दस्त क्रमांक (नोंदणीचा क्रमांक) आणि सोबत सूची-2 चे पान (नोंदलेल्या कराराचा सरकारी गोषवारा) आहे का पाहा. नसेल तर मालकाकडे मागा.