दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलला की अकाउंट सेफ? नाही हो!

हा सल्ला इतकी वर्षं फिरतोय की लोकांना तो नियमच वाटतो, दर 90 दिवसांनी पासवर्ड बदला, त्यात एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह टाका. याचं मूळ अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेच्या 2003 च्या गाइडलाइनमध्ये आहे, ती लिहिणारे बिल बर यांनी 2017 मध्ये स्वतःच सांगितलं की त्याचा आता पस्तावा होतोय, आणि त्याच वर्षी निस्टनेही उगाच ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं म्हटलं.

कारण सोपंय. सक्ती केली की माणूस काय करतो, तोच जुना शब्द घेतो, ए च्या जागी अ‍ॅटचं चिन्ह, एस च्या जागी डॉलर, शेवटी 1, पुढच्या वेळी 2. हॅकरच्या सॉफ्टवेअरला या सगळ्या अदलाबदली पाठ असतात, एक जुना पासवर्ड लीक झाला की पुढचा ओळखणं फार अवघड नाही.

खरी ताकद लांबीत आहे. नुसती स्मॉल अक्षरं रँडम घेतली तरी प्रत्येक वाढीव अक्षराने हॅकरला तपासाव्या लागणाऱ्या शक्यता 26 पट होतात. म्हणून एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडा (गाण्याची ओळ नको, ती हॅकरच्या यादीत असू शकते), प्रत्येक अकाउंटला वेगळा पासवर्ड ठेवा, लक्षात राहत नसेल तर पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड जपून ठेवणारं अ‍ॅप) बिनधास्त वापरा. आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री) चालू कराच, प्लीज.

बदलायचा कधी? लीक झाल्याचं कळलं किंवा नुसती शंका आली तरी, लगेच.