जन्माचे पाप आणि हातून घडलेले पाप : सोलापुरातील ख्रिस्ती मुलांच्या धर्मशिक्षणाची पार्श्वभूमी

सोलापुरातील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) मुलांच्या धर्मशिक्षणाविषयी बोलणे निघाले की संडे स्कूलची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाची वेळ, शिक्षकांची संख्या किंवा वचनांचे पाठांतर यांवर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो मुलाला पापाविषयी काय सांगायचे आणि त्याच्याकडून कोणत्या वयात उत्तर मागायचे यावर. विश्वासणाऱ्या घरात जन्मलेले मूल मंडळीचेच आहे असे धरून त्याला विश्वासात वाढवायचे, की ते अजून बाहेर आहे असे धरून त्याला आत येण्याचे आवाहन करायचे, या दोन भूमिका येथे कित्येक वर्षे शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत. त्यांची मुळे समजल्याशिवाय आजचा वाद समजत नाही.

संडे स्कूलचा आरंभ १७८० मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे, आठवडाभर कामावर राबणाऱ्या मुलांना रविवारी अक्षरओळख आणि धर्मशिक्षण देण्यासाठी झाला, हे बहुतेकांना माहीत आहे. सन १८७२ पासून देशोदेशी एका रविवारी एकच धडा शिकवण्याची पद्धत रूढ होत गेली आणि भारतातील संडे स्कूलांची संघटना १८७६ मध्ये अलाहाबाद येथे उभी राहिली. सोलापुरात अमेरिकन मिशनऱ्यांचे काम त्याआधीच सुरू झाले होते. हे मिशनरी ज्या सुधारित (रिफॉर्म्ड) प्रोटेस्टंट परंपरेतून आले, तिच्या प्रश्नोत्तरावलीचा इंग्लंडमध्ये १६४७ साली तयार झालेला लहान पाठ १०७ प्रश्नांचा आहे. त्यातील चौदावा प्रश्न पाप म्हणजे काय हा असून, देवाच्या नियमाशी न जुळणे किंवा तो नियम मोडणे, असे त्याचे उत्तर आहे. पुढच्याच काही प्रश्नांत मात्र पहिला माणूस आदाम याच्या पतनामुळे, म्हणजे त्याने देवाची आज्ञा मोडल्यामुळे, सर्व मानवजात जन्मतःच पापाच्या अवस्थेत आहे, असे मूल पाठ करते. म्हणजे मी केलेले पाप आणि मी ज्यात जन्मलो ते पाप, अशा दोन्ही गोष्टी एकाच पाठात येतात आणि कोणत्या गोष्टीवर भर द्यायचा हे शिकवणाऱ्यावर राहते.

हा भर कोठे पडतो याला सोलापुरात वेगळेच वजन आले. काही जमातींना जन्मावरूनच गुन्हेगार ठरवणारा सन १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आरंभी उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड अशा जमातींची मोठी वसाहत वसवण्यात आली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून काही वर्षे तिचा कारभार ख्रिस्ती मिशनकडे होता. त्या परिसराला आजही सेटलमेंट म्हणतात आणि रिक्षावाल्याला तेवढा एकच शब्द पुरतो. वसाहतीत हजेरी होती, बाहेर जायला परवानगी लागत होती, मुलांसाठी शाळा होती आणि प्रार्थनाही होती. ज्या मुलाला सरकारने जन्मावरून गुन्हेगार ठरवले होते, त्याच्याच कानावर तू जन्मापासून पापी आहेस हे वाक्य पडले असेल, तर त्याने ते कसे ऐकले असेल, याचा विचार आपल्या मंडळ्यांनी पुरेसा केलेला नाही. शिकवणुकीचा अर्थ स्पष्ट आहे : जन्मतः पापी म्हणजे सगळे, वसाहतीचा अधिकारी आणि मिशनरीसुद्धा. कायद्याचा अर्थ होता, फक्त ही माणसे. मुलगा बापाच्या पातकाचा भार वाहणार नाही, हे बायबलमधील यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातील वचन त्या कुंपणाच्या आत शिकवण्याजोगे पहिले वचन होते, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. हा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, परंतु शिक्का इतक्या लवकर पुसला गेला नाही, आणि त्या वस्तीतील मुलांना शिकवताना पापाचा धडा कोठून सुरू करावा हा प्रश्न त्यानंतरही राहिला.

याच सुमारास दुसरा बदल झाला. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून कोणत्याही अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही. हा नियम न्याय्य आहे. त्याचा एक परिणाम असा की, धर्मशिक्षणासाठी शाळेवर विसंबणे कमी होत गेले, आणि पूर्वी आठवड्यातून अनेकदा होणारे हे काम मुख्यतः घर आणि रविवारचा एक तास यांच्यावर आले.

मात्र सर्वांत गुंतागुंतीचा निर्णय १९७० चा आहे. २९ नोव्हेंबर रोजी नागपूर येथे उत्तर भारतातील सहा ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही मंडळी झाली. त्यांपैकी काही बालबाप्तिस्मा, म्हणजे तान्हेपणीच पाण्याने मंडळीत घेण्याचा विधी, देणाऱ्या होत्या, तर काही, विशेषतः बाप्टिस्ट आणि ब्रदरन परंपरेतल्या, स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणाऱ्या होत्या. एकीकरणासाठी दोन्ही रिती मान्य करण्यात आल्या. एका रितीत तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होतो आणि ते जाणते झाल्यावर दृढीकरणाच्या वेळी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करते. दुसऱ्या रितीत तान्ह्या मुलाचे समर्पण होते आणि बाप्तिस्मा नंतर, त्याच्या कबुलीवर होतो. बाप्तिस्मा एकदाच, हे तत्त्व दोन्हींवर बंधनकारक राहिले.

कागदावर ही तडजोड सुंदर आहे आणि वाटाघाटींची कित्येक वर्षे पाहता तिच्याविषयी आदर वाटलाच पाहिजे. परंतु संडे स्कूलच्या शिक्षिकेला तिने एक न सुटलेले काम दिले. बालबाप्तिस्मा झालेल्या मुलाला ती सांगते की तू देवाचा आहेस, म्हणून देवाच्या मुलासारखा वाग. खोटे बोललास तर घरात राहूनच क्षमा माग. समर्पण झालेल्या मुलाला तिने काय सांगायचे? तू अजून देवाचा व्हायचा आहेस, असे सांगायचे का? दोन्ही मुले एकाच सतरंजीवर बसलेली असतात आणि एकशे एकोणिसाव्या स्तोत्रातले, पाप करू नये म्हणून वचन मनात जपून ठेवण्याविषयीचे तेच वचन पाठ करतात. सोलापुरात बालबाप्तिस्म्याची परंपरा जुनी आणि घट्ट असल्यामुळे येथे ‘तू देवाचा आहेस’ हीच भाषा चालत राहिली, आणि ते योग्यच झाले, असे आम्हांस वाटते. आपण आत आहोत याची खात्री असलेले मूल आपली चूक लवकर कबूल करते.

पुढे जुन्या मंडळ्यांबाहेरच्या स्वतंत्र संगती (प्रार्थनागट) वाढल्या. त्यांच्या सभांत तरुणांना बुडवून बाप्तिस्मा घेण्याचे आवाहन होऊ लागले आणि तान्हेपणी बाप्तिस्मा झालेली मुले पुन्हा पाण्यात उतरू लागली. जुन्या मंडळ्यांच्या पाळकांना हा आपल्या बाप्तिस्म्याचा नकार वाटला. त्या तरुणांना मात्र आयुष्यात पहिल्यांदाच विश्वास स्वतःचा झाल्यासारखे वाटले. तक्रार दोन्हीकडून झाली. दृढीकरणाचा वर्ग दहा आज्ञा, प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाची ठरीव कबुली) आणि प्रभूची प्रार्थना एवढे पाठ करून घेण्यावर थांबत असेल, तर तरुणांची तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

मे महिन्यातील सुट्टीच्या बायबल शाळांनी हा प्रश्न आणखी खालच्या वयात आणला. तेथे पाच रंगांच्या पानांचे शब्दविरहित पुस्तक वापरतात : काळे पान पापाचे, लाल येशूच्या रक्ताचे, पांढरे शुद्ध झालेल्या मनाचे, सोनेरी स्वर्गाचे आणि हिरवे विश्वासातील वाढीचे. मूळ कल्पना १८६६ सालची, तीनच रंगांची. सोनेरी पान १८७५ मध्ये आणि हिरवे त्यानंतर जोडले गेले. सावळ्या मुलांपुढे पापाचा रंग म्हणून काळे पान धरण्यास काही शिक्षिका आता तयार नसतात आणि त्या त्याला अंधाराचे पान म्हणतात. शेवटच्या दिवशी हात वर करायला सांगितले की आठ-नऊ वर्षांची मुले शेजारच्याकडे पाहून हात वर करतात. आपल्या विश्वासाचा उत्पादक व पूर्ण करणारा म्हणून इब्रीकरांस पत्राचा बारावा अध्याय येशूकडे दृष्टी लावायला सांगतो. विश्वास असा पूर्णतेकडे नेणे हेच हिरव्या पानाचे काम आहे आणि त्यासाठी वर्षभर वेळ लागतो. पाच-सात दिवसांच्या शिबिरात काळ्या पानावर एक पूर्ण सकाळ आणि हिरव्या पानावर समारोपाआधीची दहा मिनिटे, अशी वाटणी अजूनही अनेक ठिकाणी चालू आहे. काही मंडळ्यांनी मात्र हात वर करायला सांगणे बंद करून, मुलांची नावे त्यांच्या संडे स्कूलच्या शिक्षिकेकडे आणि पालकांकडे सोपवण्याची पद्धत सुरू केली आहे.