बावीस पोती मणी आणि ‘काय खपेल?’ हा जुना प्रश्न

१८७१ च्या जानेवारीत हेन्री मॉर्टन स्टॅन्ली हा पत्रकार झांझिबारला उतरला. आफ्रिकेत बेपत्ता झालेल्या लिव्हिंग्स्टन या संशोधकाला कुठे शोधायचं हा प्रश्न पुढचा. आधी सोडवायचा होता तो मण्यांचा. आफ्रिकेच्या आतल्या भागात नाणं चालत नव्हतं. धान्य, हमाल, वाटेची परवानगी, सगळं कापड, तार आणि काचेचे मणी मोजून मिळवायचं. त्यातही कुठलेही मणी चालत नव्हते. लाल ‘सामी-सामी’ उन्यामवेझीत हातोहात घेतले जात, तिथे बाकीचे नाकारले जात. काळे ‘बुबू’ उगोगोत चलनासारखे फिरत, पण इतरत्र कवडीमोल. अंड्याच्या आकाराच्या ‘सुंगोमाझी’ला उजीजीत किंमत होती. पांढऱ्या ‘मेरिकानी’ला उफिपात मान होता, तर उकोनोंगोत त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. स्टॅन्लीने तिथल्या जाणत्या व्यापाऱ्यांना विचारलं, दोन वर्षांच्या मुक्कामांचा दिवसागणिक हिशोब मांडला, ११ प्रकार निवडले आणि २२ पोती भरली. निवड चुकली असती तर हमालांच्या पाठीवर हजार मैल नुसता कचरा वाहून न्यावा लागला असता.

हाताने दागिने घडवून विकणाऱ्यापुढची पोती आज वेगळी आहेत: रेझिन, पॉलिमर क्ले, चांदीची तार, काचमणी, मोती, लाकूड. पेच तोच. सगळं घेता येत नाही आणि चुकीचं घेतलं तर ते वर्षानुवर्षं डबीत पडून राहतं. ‘मार्केट रिसर्च’ म्हटलं की कंपन्यांचे तक्ते आणि आलेख डोळ्यांपुढे येतात. दागिन्यांच्या धंद्यात मात्र ही पाहणी तक्त्यांच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. माझ्या मते तिचा इतिहास म्हणजे घडवणारा हात आणि घालणारा माणूस यांच्यातल्या अंतराचा इतिहास.

सुरुवातीला हे अंतर नव्हतंच. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे छोट्या शंखांचे मणी सापडले. त्यांना पाडलेली भोकं घासून झिजलेली आहेत, म्हणजे ते ओवून बराच काळ कुणीतरी अंगावर वागवले होते. भोक पाडणारा आणि घालणारा एकाच शेकोटीभोवती बसत असतील, तर बाजाराचा अंदाज घ्यायचा कशाला? गिऱ्हाईक समोरच बसलेलं. मधे समुद्र आला, दलाल आला, तेव्हा पाहणीची गरज पडली.

व्हेनिसजवळच्या मुरानोत आणि पुढे बोहेमियातल्या (आजच्या चेकियातल्या) याब्लोनेत्सच्या परिसरात लाखोंनी मणी बनत. ते ओढणाऱ्या, कापणाऱ्या कारागिराने ज्या गळ्यांसाठी आपण राबतोय ते गळे कधी पाहिले नव्हते. दोघांमध्ये दुवा होता नमुनाकार्डाचा. जाड पुठ्ठ्यावर मण्यांचे तुकडे ओळीने शिवायचे, खाली क्रमांक घालायचे आणि कार्ड घेऊन आडत्याने बंदरोबंदर फिरायचं. तिकडून क्रमांक यायचे, इकडे भट्ट्या पेटायच्या. लंडनमधल्या मोझेस लेविन या मणीव्यापाऱ्याची एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली अशी कार्डं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आजच्या ऑनलाइन दुकानातली फोटोंची जाळी आणि हे पुठ्ठे यांत रचनेचा फारसा फरक नाही.

माहिती उलट्या दिशेनेही यायची. व्यापारी दूरदेशी चालणारा एखादा नग उचलून युरोपात धाडत आणि ‘असाच, पण स्वस्तात’ असा निरोप सोबत जोडत. सहारातले तुआरेग लोक ‘तल्हाकिम्त’ नावाचं लटकन घालतात: वर कडी आणि खाली टोकदार त्रिकोण. ते गुजरातमधल्या खंबातच्या कार्नेलियन दगडात कोरलं जाई. मग जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनच्या अकीक कापणाऱ्यांनी त्याच आकाराचे नग बनवले, त्यानंतर बोहेमियात ते काचेत ओतले गेले आणि अखेर प्लॅस्टिकमध्येही निघाले. आकार एकच, माध्यमं चार. ‘नवीन प्रॉडक्ट आयडिया’ म्हणून जे आज गाजतं, त्यातलं बरंचसं याच जातीचं असतं. ओळखीचा आकार घ्यायचा आणि माध्यम बदलायचं. यात कमीपणा काहीच नाही. फक्त या साखळीत प्रत्येक पायरीवर आधीच्या कारागिराचं काम सुटत गेलं, हे विसरू नये.

माध्यम बदलताना अर्थही बदलता येतो, हे प्रशिया या जर्मन राज्याने १८१३ मध्ये दाखवलं. नेपोलियनविरुद्धच्या लढ्यासाठी बायकांनी सोन्याचे दागिने दिले आणि बदल्यात ओतीव लोखंडाचे काळे दागिने घेतले. ‘लोखंडासाठी मी सोनं दिलं’ अशा अर्थाचा मजकूर त्यांतल्या काहींवर असे. लोखंडाची धातू म्हणून किंमत ती काय! पण ते गळ्यात असणं ही अभिमानाची खूण झाली, आणि युद्ध संपल्यावरही बर्लिनच्या नक्षीदार लोखंडी दागिन्यांना मागणी राहिली. त्याच्या आधीच्या शतकात लंडनच्या क्रिस्टोफर पिंचबेकने तांबं आणि जस्त मिसळून सोन्यासारखा दिसणारा धातू काढला होता, पॅरिसच्या जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रासने काचेला हिऱ्याचं तेज दिलं होतं. ते दोघे नक्कल विकत होते. लोखंड कशाचीच नक्कल करत नव्हतं, आणि माझ्या लेखी तीच वरची कल्पना.

आता व्हिटबीची गोष्ट, कारण ट्रेंडच्या मागे धावणाऱ्याला तिच्याइतकं दुसरं काही शिकवत नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या या गावात जेट सापडतो. हा लाकडापासून बनलेला, हाताला हलका, पॉलिश घेणारा काळा जीवाश्म. १८३२ च्या सुमारास तिथे जेटकामाची दोन दुकानं होती आणि पंचवीसेक माणसं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात जेट झळकला. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारला, राणी व्हिक्टोरियाने काळं नेसलं आणि शोकाच्या काळात घालायचा दागिना म्हणून जेटची लाट आली. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला गावात सुमारे १,५०० माणसं हेच काम करत होती. मग एकेक धागा उसवला. स्पेनहून आलेला मऊ, हलक्या प्रतीचा जेट तडकू लागला आणि बदनामी मात्र व्हिटबीची झाली. काळी काच आणि व्हल्कनाइट नावाचं कडक रबर स्वस्तात तोच रंग देऊ लागलं. शेवटी दीर्घ शोक पाळण्याचा रिवाजच सैलावला. शतक सरेस्तोवर धंदा जवळजवळ बसला. मालात खोट नव्हती. हजारावर लोकांचं पोट एका राजघराण्याच्या दुःखावर आणि एका रंगावर टांगलेलं होतं. १८७२ साली कुणी तिथे बाजारपाहणी केली असती तर आकडे उत्तमच आले असते.

त्याच काळात केसांचे दागिनेही चालत. गेलेल्या माणसाची बट सोनाराकडे द्यायची, तो तिचं विणकाम करून लॉकेटमध्ये किंवा ब्रेसलेटमध्ये बसवून द्यायचा. मग शंका निघाली: सोनार आपलेच केस वापरतो, की कुणाचेही तयार विणलेले? पुष्कळ बायकांनी हे विणकाम घरीच शिकून घेतलं आणि त्यासाठी पुस्तकं, साधनं विकली जाऊ लागली. नावाचं लॉकेट, बाळाच्या ठशाचा पेंडंट अशी आजची ‘पर्सनलाइज्ड’ मागणी याच वाटेने आलेली आहे, आणि तिच्यातला नाजूक भाग तेव्हा होता तोच आहे. गिऱ्हाईक तिथे डिझाइनच्या आधी भरवसा विकत घेतं.

यंत्राने पडलेलं अंतर हाताने बुजवायचा जाणीवपूर्वक प्रयत्न चार्ल्स रॉबर्ट ॲशबी याने केला. १८८८ मध्ये पूर्व लंडनमध्ये त्याने ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ ही कारागिरांची संस्था काढली. चांदीकाम, मीना, जडणकाम, सगळं हाताने. मूनस्टोन आणि मोती बसवलेली तिथली लॉकेटं आज संग्रहालयांत आहेत. १९०२ मध्ये तो कारागिरांना त्यांच्या कुटुंबांसह चिपिंग कॅम्डन या खेड्यात घेऊन गेला. १९०७-०८ पर्यंत गिल्डचा गाशा गुंडाळला गेला. ॲशबीने कारणं स्वतःच लिहून ठेवली, आणि ती वाचताना तारीख विसरायला होतं. एक तर खेड्यात मागणी थंडावली की दुसरं काम नाही. लंडनमध्ये मंदीत कारागीर चार दिवस दुसरीकडे हात मारून येई. दुसरं कारण म्हणजे हौशी मंडळी. घरबसल्या दागिने करणाऱ्या बाईला गिल्डमधले लोक गमतीने ‘डिअर एमिली’ म्हणत. आईवडिलांच्या आधारावर राहणारी ही एमिली ताशी २ पेन्सवर काम विकायला तयार, तर कुटुंब पोसणाऱ्या कारागिराला ताशी १ शिलिंग, म्हणजे १२ पेन्स, हवेत. हस्तकलेच्या कुठल्याही प्रदर्शनात ‘मजुरी धरायची का?’ हा जो वाद आजही झडतो, त्याचं हे शंभरेक वर्षांपूर्वीचं रूप. शेजारच्या स्टॉलचा भाव पाहून आपला भाव ठरवणाऱ्याने तो स्टॉल एमिलीचा आहे का, हे आधी पाहावं.

तिसरं कारण सर्वांत बोचरं. लंडनच्या लिबर्टी कंपनीने १८९९ मध्ये ‘किम्रिक’ नावाने चांदीच्या वस्तू आणि दागिने काढले. आर्चिबॉल्ड नॉक्ससारखे कसलेले डिझायनर, बर्मिंगहॅमच्या हॅसलर कारखान्यातलं उत्पादन आणि अनेक नगांवर हातोड्याच्या खुणा साच्यातूनच उमटवलेल्या. लोकांना हातकामाचा देखणेपणा हवाय हे ॲशबीने ओळखलं होतं. त्यातल्या बहुतेकांना हात नको, नुसता देखणेपणा पुरतो, हे लिबर्टीने ओळखलं. बाजारपाहणी दोघांनीही केली म्हणा ना. एकाने स्वतःच्या मनाची केली.

ज्याला आपण रीतसर मार्केट रिसर्च म्हणतो तो यानंतरचा. १९११ मध्ये अमेरिकेतल्या कर्टिस पब्लिशिंग कंपनीने चार्ल्स कूलिज पार्लिन या शाळामास्तराला पाहणीच्या कामावर घेतलं. मोठ्या दुकानांचा अभ्यास करून त्याने खरेदीचे प्रकार पाडले: सवयीने घेतलेलं, अडीअडचणीला घेतलेलं आणि चार ठिकाणी फिरून, तोलून घेतलेलं. १९२३ मध्ये मेल्विन कोपलंडने त्यात ‘दुसरं चालणारच नाही’ अशा वस्तूंचा प्रकार घातला. छोट्या धंद्याला ही विभागणी मोठ्या अहवालांपेक्षा कामाची आहे, कारण हातकामाचं झुमकं तिसऱ्या कप्प्यात पडलं तर शेजारच्या झुमक्याशी भावात लढतं आणि चौथ्यात पडलं तर लढावंच लागत नाही. बड्यांनी पुढे उलटाच मार्ग धरला. डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीने १९३८ मध्ये एन. डब्ल्यू. आयर या जाहिरात संस्थेला हाताशी धरलं, तिने लोकांची मनं चाचपली आणि १९४७ मध्ये फ्रान्सिस गेरेटीच्या लेखणीतून ‘हिरा कायमचा असतो’ अशा अर्थाची ओळ आली. इच्छा शोधण्याऐवजी तयार करण्याचं हे काम. त्याला खजिना लागतो, तेव्हा ते इथेच सोडू.

लहान कारागिराकडे गिऱ्हाईक परत आलं ते जत्रांमधून. अमेरिकन क्राफ्ट कौन्सिलचा पहिला मोठा मेळा १९६६ मध्ये व्हरमाँटमधल्या स्टो गावी भरला. टेबलापलीकडे घडवणारा, अलीकडे घेणारा, मधे कुणी नाही. अशा टेबलावर जे कळतं ते प्रश्नावलीत उतरत नाही. हात आधी कुठे जातो, नग उलटून मागची बाजू कोण पाहतं, कानाला लावल्यावर माणूस आरसा शोधतो की किमतीची चिठ्ठी. ‘किती सुंदर!’ म्हणून पुढे जाणाऱ्यांची संख्या मोजण्यात अर्थ नसतो. परत फिरून येणाऱ्यांची मोजावी.

काही कल्पना आवडीतून नव्हे, तक्रारीतून आल्या. निकेलने कानाला खाज आणि पुरळ येणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की युरोपीय संघाने १९९४ मध्ये त्वचेला सतत टेकणाऱ्या वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली: आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅम. टायटॅनियम आणि नायोबियम या निकेल नसलेल्या धातूंच्या हुकांना त्यातून जागा मिळाली. झुमका तोच, हुक बदललेला, आणि आजवर कानात काहीच न घालू शकणारं गिऱ्हाईक नव्याने दाराशी. नवीन डिझाइनसाठी रात्री जागवणाऱ्यांना हे फार रुक्ष वाटतं, याला माझा इलाज नाही.

मग २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एट्सी हे हातकामाच्या वस्तूंचं ऑनलाइन बाजारपेठ-संकेतस्थळ सुरू झालं आणि टेबल पुन्हा नाहीसं झालं. नमुनाकार्ड परत आलं, फक्त पुठ्ठ्याऐवजी पडद्यावर. २०१३ मध्ये विक्रेत्यांना बाहेरच्या उत्पादकाकडून माल करून घ्यायची मुभा मिळाली, तेव्हा ‘मग हाताने म्हणजे काय?’ यावरून ॲशबी आणि लिबर्टीचंच भांडण नव्याने जुंपलं. एक गोष्ट मात्र जुन्या कार्डांवर नव्हती. प्रत्येक नगाला तिथे १३ टॅग देता येतात, म्हणजे घेणारा ज्या शब्दांनी शोधेल ते शब्द लिहायला १३ रकाने. विक्रेते बहुतेकदा तिथे स्वतःचे शब्द भरतात: तंत्राचं नाव, दगडाचं नाव, संग्रहाला दिलेलं काव्यमय नाव. शोधणाऱ्याच्या मनात ‘बहिणीच्या लग्नात घालायला हलकं’ असं काहीतरी असतं.

स्टॅन्लीच्या आधी, १८५७ ते १८५९ मध्ये, रिचर्ड बर्टन हा इंग्रज प्रवासी त्याच भागात फिरला होता. मण्यांचे सुमारे ४०० प्रकार आणि प्रत्येकाला वेगळं नाव, असं त्याने नोंदवलं. युरोपातल्या कार्डांवर त्या मण्यांना क्रमांक होते. घेणाऱ्यांनी मात्र लाल सामी-सामीला दोन टोपणनावं दिली होती. एक ‘जेवण संपवणारा’, कारण तो मिळावा म्हणून माणूस ताटावरचं देऊन टाकी. दुसरं ‘गाव मोडणारा’, कारण बायका त्याच्यासाठी वेड्या होत.