पॉलिअमाइन आणि जिवाणूंची वाढ : पार्श्वभूमी

मिरजेसारख्या रुग्णालयांच्या गावात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना जिवाणू ओळखण्यासाठी वापरली जाणारी ऑर्निथिनची (एका अमिनो आम्लाची) नळी परिचयाची असते. ऑर्निथिन आणि ग्लुकोज असलेल्या जांभळ्या माध्यमात जिवाणू सोडून वर निर्जंतुक लिक्विड पॅराफिनचा थर दिला की ग्लुकोज आंबून माध्यम आधी पिवळे पडते. जिवाणूकडे ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेज, म्हणजे ऑर्निथिनमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकणारे एन्झाइम, असेल, तर ते पुन्हा जांभळे होते. एंटेरोबॅक्टर क्लोएसीची नळी जांभळी होते, क्लेबसिएला न्यूमोनिईची मात्र पिवळीच राहते. या क्रियेत ऑर्निथिनपासून प्युट्रेसिन तयार होते; ते पॉलिअमाइनांपैकी, म्हणजे एकाहून अधिक अमाइन गट असलेल्या लहान रेणूंपैकी, सर्वांत साध्यांतले एक आहे. विद्यार्थ्यांना रंग शिकवला जातो, पण त्यामागचा इतिहास बहुधा सांगितला जात नाही, ही उणीव भरून काढायला हवी.

प्युट्रेसिन ब्रीगर यांनी १८८५ मध्ये कुजत्या मांसातून वेगळे केले आणि पुढे बराच काळ त्याकडे कुजण्याचा अवशेष म्हणूनच पाहिले गेले. १९४० च्या दशकात केंब्रिजच्या अर्नेस्ट गेल यांनी, जिवाणू आम्लयुक्त माध्यमात वाढताना असे डिकार्बोक्सिलेज मोठ्या प्रमाणात बनवतात, हे दाखवले. वरील नळीतील रंगपालट मुख्यतः याच प्रकारच्या, आम्लाशी झुंजणाऱ्या एन्झाइमाचा असतो.

वाढीचा प्रश्न मात्र १९४८ मध्ये पुढे आला. हर्बस्ट आणि स्नेल यांना आढळले की हिमोफिलस पॅराइन्फ्लुएन्झी हा जिवाणू, ज्याचे सर्व घटक ठाऊक आहेत अशा माध्यमात, प्युट्रेसिन मिळाल्याशिवाय वाढत नाही. माझ्या मते या इतिहासातील खरे वळण हेच, कारण जो पदार्थ टाकाऊ समजला जात होता, तोच येथे पोषक ठरला.

आतड्यात राहणारा इ. कोलाय हा जिवाणू मात्र प्युट्रेसिन स्वतःच बनवतो आणि तेही दोन वाटांनी. एक वाट थेट ऑर्निथिनपासून आणि दुसरी आर्जिनिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून जाते, हे मॉरिस आणि पार्डी यांनी १९६६ मध्ये मांडले. त्यामुळे एक वाट बंद करून भागत नव्हते. अमेरिकेतील हर्बर्ट आणि सीलिया टेबर या दांपत्याने दोन्ही वाटा तोडलेले उत्परिवर्तित जिवाणू तयार केले, तेव्हा ते मेले नाहीत, फक्त फार सावकाश वाढू लागले. पॉलिअमाइनवर धनभार असल्याने त्यांचा बराच भाग आरएनएला चिकटलेला असतो. जपानमधील इगाराशी यांच्या गटाने दाखवून दिले की काही ठरावीक प्रथिनांची बांधणीच त्यांच्यामुळे वेग घेते.

पुढे टेबर यांच्या गटाने पॉलिअमाइन बनवणारी सारी जनुके काढून टाकलेला इ. कोलाय तयार केला. साध्या हवेत तो मूळ जिवाणूच्या जवळपास निम्म्या वेगाने वाढला, हवा काढून घेतल्यावर मात्र अजिबात वाढला नाही.